माल वाशीला, माणूस सुखरूप घराला
लांब पल्ल्याला पिकअप नेण्याआधीची तयारी आणि वाटेतल्या थांब्यांचं नियोजन



वाशी म्हटलं की आपल्या धाराशिव जिल्ह्यात दोन गावं डोळ्यांपुढं येतात. एक आपल्या तालुक्याचं वाशी आणि दुसरी नवी मुंबईची वाशी, जिथं मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचा मोठा बाजार आहे. पहिली वाशी हाकेच्या अंतरावर. दुसरी मात्र धाराशिवहून सुमारे ४०० किलोमीटर. द्राक्षं, टोमॅटो, ढोबळी मिरची, कोथिंबीर असा माल घेऊन आपली पिकअप तिथं जाते, तेव्हा वर्षभराचा घाम त्या हौद्यात असतो आणि घरचा कर्ता माणूस केबिनमध्ये असतो. मालाला भाव कमी-जास्त मिळेल. एखादी खेप वायाही जाईल. पण गेलेला माणूस कोणत्या बाजारात मिळत नाही. म्हणून या पत्रकात गाडीची तयारी, माल भरण्याची रीत आणि वाटेतले थांबे यांची माहिती क्रमवार दिली आहे.

१. पहिला प्रश्न : गाडी कोण चालवणार?

आपल्याकडे बहुधा काय होतं बघा. तोडणीच्या दिवशी घरातला तरुण पोरगा पहाटे चारला उठतो. मजुरांबरोबर माल तोडतो, निवडतो, क्रेट भरतो. दुपारी गाडीत चढवतो आणि मग तोच रात्रभर गाडी चालवतो. म्हणजे पहाटे दोन वाजता तो घाटात असतो, तेव्हा त्याला उठून बावीस तास झालेले असतात. इतका वेळ जागा असलेल्या माणसाचे हातपाय आणि डोकं दारू प्यायलेल्या माणसासारखंच मंद चालतं. फरक एवढाच, की त्याच्या तोंडाला वास येत नाही आणि त्याला स्वतःलाही ते कळत नाही.

म्हणून नियम असा करा, की ज्यानं तोडणी केली त्यानं त्या रात्री गाडी चालवायची नाही. ज्याला चालवायचं आहे त्याला आदल्या रात्री पुरती झोप मिळू द्या. सकाळी शेतावर बोलावू नका. निघण्याआधी तासभर आडवं होऊ द्या. शक्य असेल तर गाडीत दोन चालक ठेवा. व्यवसायानं गाडी चालवणाऱ्यांसाठी १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. स्वतःच्या गाडीलाही हाच मापदंड लावा.

परवान्याबद्दल नेहमी विचारलं जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्णय दिला, की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या माणसाला एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. पिकअप या मर्यादेत बसते. पण परवाना चालू मुदतीचा पाहिजे, हे विसरू नका.

२. गाडीत माल किती भरायचा?

'गाडी ओढते ना, मग टाका अजून दहा क्रेट,' हे बोलणं आपण नेहमी ऐकतो. इंजिन ओढतं, हे खरं. पण थांबवायचं काम ब्रेक करतो आणि वजन टायर सोसतो. त्यांची ताकद ठरलेली असते.

आर.सी. काढून बघा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन असे दोन आकडे असतात. दोहोंतला फरक म्हणजे तुमचा भार. समजा रिकामं वजन १,६५० किलो आणि एकूण वजन २,९५० किलो आहे. फरक १,३०० किलो. त्यातून चालक आणि सोबती यांचे १४० किलो वजा करा. उरले १,१६० किलो. टोमॅटोचा भरलेला क्रेट २२ किलोचा धरला तर ५२ क्रेट बसतात. ताडपत्री, दोर, पाण्याचा कॅन हेही वजनच आहे, तेव्हा पन्नासावर थांबावं.

जादा भार पकडला गेला तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. म्हणजे दहा क्रेटच्या लोभापायी साऱ्या खेपेची पट्टी जायची.

३. गाडीची तपासणी : दोन दिवस आधी

निघायच्या दिवशी सकाळी गाडी मेस्त्रीकडं नेऊ नका. काही निघालं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही आणि 'चालतंय, आल्यावर बघू' असं होतं. दोन दिवस आधीच पुढील गोष्टी बघा.

टायर : टायर गोटा झाला की नाही हे हातानं ओळखू नका. टायरच्या खाचेत तळाशी आडव्या बारीक उंचवट्या असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. टायरचं वयही बघा. बाजूच्या रबरावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीचं रबरही उन्हानं वाळतं आणि भेगाळतं. बाजूला भेग किंवा फुगा दिसला तर तो टायर लांबच्या वाटेला घालू नका.

हवा : हवा नेहमी थंड टायरमध्ये, सकाळी भरा. दारापाशी चिकटवलेल्या तक्त्यात भरलेल्या गाडीसाठी जेवढी दिली आहे तेवढी. अनेकांचा समज असा, की उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवावी. हे नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि उलगडते. तार सारखी वाकवली की गरम होते, तसंच हे. त्या उष्णतेनं टायरचे आतले थर सुटतात आणि वेगात तो फुटतो. वाटेत टायर गरम झाला म्हणून हवा सोडणं हीही चूकच. स्टेपनीची हवा बघायला विसरू नका. ऐन वेळी तीच दगा देते.

ब्रेक : ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुनं ऑइल घाटात तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक एकदम पोकळ लागतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर लायनर मेस्त्रीला दाखवा.

पाटे : मागच्या पाट्यांमध्ये तडा आहे का, यू-बोल्ट ढिले आहेत का, हे गाडी रिकामी असताना बघा.

इंजिन : ऑइल, कूलंट आणि बेल्ट. बेल्टला भेगा असतील तर बदला आणि जुना चालण्याजोगा बेल्ट जवळ ठेवा. रेडिएटरच्या जाळीत पाचट, भुसा, किडे अडकलेले असतात. ते पाण्यानं हलक्या धारेत धुवा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

दिवे : मागचे लाल दिवे, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टरची पट्टी. मागचा हौदा मालानं दबला की गाडीचं तोंड वर होतं आणि पुढचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तेव्हा गाडी भरल्यावर दिव्यांची उंची खाली करून घ्या.

कागद : आर.सी., विमा, फिटनेस, पी.यू.सी., परवाना. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावं लागतं. फास्टॅगमध्ये जाण्या-येण्याचे पैसे आहेत ना, तेही बघा.

४. माल भरण्याची रीत

जड माल खाली, हलका वर. पहिली रांग केबिनच्या मागच्या पत्र्याला टेकवून लावा. म्हणजे जोरात ब्रेक लागला तरी माल पुढं सरकत नाही. सगळं वजन शेपटाकडं टाकलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात लागत नाही. डाव्या-उजव्या बाजूंचा भार सारखा ठेवा. एका बाजूला कललेली गाडी वळणावर दगा देते.

दोर थेट पुठ्ठ्याच्या पेट्यांवरून ओढू नका. कडेला फळी किंवा दुमडलेलं पोतं ठेवून मग आवळा, नाहीतर वरच्या पेटीतली द्राक्षं दोरानंच चिरडतील. ताडपत्री बांधताना लक्षात घ्या, की तोडलेला मालसुद्धा श्वास घेतो आणि उष्णता सोडतो. चारी बाजूंनी गच्च बांधलं तर आत भट्टी होते. वरून सावली हवी, पण पुढून आणि मागून वाऱ्याला वाट हवी. पालेभाजीवर ओलं पोतं चालतं, द्राक्षं आणि टोमॅटोवर पाणी नको. पहाटे तोडलेला माल भरेपर्यंत झाडाखाली नाहीतर शेडमध्ये ठेवा. उन्हात तापलेला माल भरला तर तो रात्रीच्या गारव्यातही लवकर निवत नाही.

आणि हौद्यात माणसं बसवू नका. दोन मजूर मालावर झोपून येतात, त्यांना कायद्याचं संरक्षण नाही आणि उलटलेल्या गाडीत पहिले तेच सापडतात.

५. वाटेतले थांबे : हिशोब उलटा मांडा

'निघू चारला, पोचू कवातरी,' असं नको. बाजारापासून मागं मोजत या. वाशीत भाजीपाल्याचं काम पहाटे अंधारातच सुरू होतं. भरलेली गाडी सरासरी ताशी ४० ते ४५ किलोमीटरच धरा. ४०० किलोमीटरला नऊ ते दहा तास आणि थांब्यांचे दोन तास, म्हणजे साडेअकरा तास. रात्री दीडला पोचायचं असेल तर दुपारी दोनला निघालं पाहिजे. त्याचा तक्ता असा :

दुपारी २ : धाराशिवहून प्रयाण.
दुपारी २.३० : येडशी. फक्त दहा मिनिटं. दोर पहिल्या वीस किलोमीटरमध्येच ढिले होतात, ते पुन्हा आवळा. चाकाच्या मधोमध हात जवळ नेऊन बघा. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतो आहे. अजून घर जवळ आहे, परत फिरता येतं.
दुपारी ४.४५ : बार्शी, कुर्डुवाडी करून टेंभुर्णी. अर्धा तास. चहा, लघवी, टायरवर नजर.
सायंकाळी ६.३० : इंदापूर ओलांडून भिगवण. दहा मिनिटं, गाडीभोवती एक फेरी.
रात्री ८ : चौफुला-यवतच्या पट्ट्यात जेवण, पाऊण तास. भिगवणची मासळी चांगलीच, पण पोट तुडुंब भरून गाडीवर बसू नका. भाकरी-भाजी, ताक एवढं पुरे. भात परतीला खा.
रात्री ९.३० ते १०.३० : पुणे. हडपसरच्या आधीच मंतरवाडीवरून कात्रजकडं वळून बाह्यवळण रस्ता धरला, तर शहरातली गर्दी टळते.
रात्री ११ : द्रुतगती मार्गावर उर्से टोलनाक्याच्या परिसरात वीस मिनिटं. घाटाच्या आधीचा हा थांबा चुकवू नका. चालक बदलायचा असेल तर इथंच.
रात्री १.३० : कळंबोलीवरून वाशी.

दुपारी दोनला निघण्याचं आणखी एक कारण आहे. टेंभुर्णी ते भिगवण हा उसाचा पट्टा. गाळपाच्या हंगामात साधारण नोव्हेंबर ते मार्चपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवाही नसतो नि लाल पट्टीही नसते. अंधारात त्या दिसतात तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते. हा पट्टा होईल तेवढा उजेडात ओलांडा. अंधार पडलाच तर वेग चाळीसवर आणा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून गाडी थांबायचं अंतर चौपट होतं, हे गणित तोंडपाठ असू द्या.

६. घाट उतरताना

लोणावळा-खंडाळ्यानंतर रस्ता कोकणात उतरतो. जो गिअर टाकून आपण चढ चढतो, त्याच गिअरमध्ये तेवढाच उतार उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागं धरतं आणि ब्रेकला विसावा मिळतो. सारखा पाय ब्रेकवर ठेवला तर लायनर तापून गुळगुळीत होतात आणि पकड सुटते. करपल्याचा वास आला की समजा, ब्रेक दमले. जागा बघून थांबा, पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. पायाचा जोर वाढवून देणारी ब्रेकची सोय इंजिनवर चालते. इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. भरलेली गाडी मग तुमच्या हातात राहत नाही.

७. झोप आली तर

डोळे जड होणं, मागचा फलक काय होता ते न आठवणं, गाडी पट्टीवर जाणं, पुन्हा पुन्हा जांभया. यातलं एक जरी दिसलं तरी गाडी सुरक्षित जागी घ्या. खिडकी उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडात तंबाखू धरणं, यानं झोप जात नाही, फक्त लपते. चहा-कॉफीचा अंमल चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून चहा प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. उठाल तेव्हा दोन्हींचा गुण एकत्र येईल. मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंतचा काळ सर्वांत वाईट. सोबत्यानं त्या वेळी घोरू नये, बोलत राहावं. त्याचं तेच काम आहे.

८. गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर

गाडी डावीकडं पार कडेला घ्या. चारी इंडिकेटर लावा. लाल त्रिकोण मागं निदान पन्नास पावलांवर ठेवा, द्रुतगती मार्गावर त्याहून लांब. माणसं कठड्याच्या पलीकडं उभी करा. गाडीत किंवा गाडीमागं थांबू नका. रहदारीच्या बाजूचं चाक अंधारात रस्त्यावर बसून बदलण्यापेक्षा मदत मागवा. दगड मांडले असतील तर निघताना उचला. आपण ठेवलेल्या दगडावर दुसऱ्याचं लेकरू पडतं.

हे क्रमांक केबिनमध्ये लिहून ठेवा. रुग्णवाहिका १०८, पोलीस व तातडीची मदत ११२, राष्ट्रीय महामार्गावरील मदत १०३३.

केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेप्रमाणे रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. वाटेत दुसऱ्याचा अपघात दिसला तर भिऊन पुढं जाऊ नका. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

९. बाजारात आणि परतीच्या वाटेवर

निघण्यापूर्वी अडत्याला फोन करून मालाची आवक आणि गाडी लावायची जागा विचारा. दोघा-तिघांनी मिळून गाडी केली असेल, तर प्रत्येकाच्या क्रेटवर रंगाची वेगळी खूण करा आणि क्रेटची संख्या वहीत मांडून ठेवा. पट्टी वाचून घ्या. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. ती तुमच्या पट्टीत कापलेली दिसली तर तिथंच विचारा. रक्कम बँक खात्यावर घ्या. खिशात रोकड असली की माणूस मुक्कामाला थांबायला भितो आणि न झोपताच गाडी परत हाकतो.

परतीची वाट जास्त धोक्याची, हे ध्यानात ठेवा. माल विकलेला असतो, मन मोकळं असतं, गाडी रिकामी म्हणून पळते आणि चालक रात्रभर जागा असतो. लिलाव झाल्यावर निदान पाच तास झोप घ्या. संध्याकाळी घरी पोचण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलात तर काही बिघडत नाही. घरच्यांनीही 'कुठवर आलास? किती वाजता येतोस?' असे फोन सारखे करू नयेत. त्या फोनमुळं वेग वाढतो.

१०. नेहमीचे दोन प्रश्न

प्रश्न : लांब जावं की बार्शी, सोलापूरला माल द्यावा?
उत्तर : आधी हिशोब करा. येऊन-जाऊन ८०० किलोमीटर. लिटरला १२ किलोमीटर धरले तर सुमारे ६७ लिटर डिझेल. त्यात टोल, जेवण, चालकाची मजुरी, हमाली आणि टायरची झीज मिळवा. ही बेरीज क्रेटच्या संख्येनं भागा. दोन बाजारांच्या भावातला फरक त्या आकड्यापेक्षा बराच जास्त असेल तरच लांब जा. जादा क्रेट भरून हा हिशोब जुळवायला बघू नका.

प्रश्न : एकटाच चालक आहे, तर काय करावं?
उत्तर : दोन तास आधी निघा आणि घाटाआधी पाऊण तास झोप काढा. तेही जमत नसेल तर त्या दिवशी जवळचा बाजार करा.

निघताना केबिनमध्ये एवढं आहे का बघा : जॅक, पाना, चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे, लाल त्रिकोण, बॅटरी, टोचण व हवा मोजायचं यंत्र, जास्तीचा बेल्ट व फ्यूज, दोर, पाच लिटर पाणी, मलमपट्टीचं सामान, चादर.

शिर सलामत तर पगडी पचास. या हंगामात दोन पैसे कमी आले तरी पुढच्या हंगामात भरून निघतील. हे पत्रक वाचून झालं की घडी करून गाडीच्या खणात ठेवा आणि जो गाडी चालवणार आहे त्याला एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.